नख जिव्हाळी लागले तर...

मैत्रिणींनो, ह्या वेळचा विषय ऐकून काही जणी हसतील. "नख जरा जास्त कापलं गेलं, त्यावर काय लिहायचं? चार दिवसांत येतंच की!" खरे आहे. नख येतेच. पण ते येईपर्यंत आपण त्या बोटाचे काय करतो, हा खरा प्रश्न आहे. आपले बोट सकाळी पिठात असते, मग मिरचीच्या ठेच्यात, मग भांड्यांच्या पाण्यात आणि दुपारी कपड्यांच्या साबणात. घरात दुसऱ्या कुणाच्या बोटाला लागले की आपण धावत जाऊन पट्टी बांधतो. स्वतःचे बोट मात्र पदरात गुंडाळून दोन मिनिटे दाबायचे आणि पुन्हा ओट्याशी उभे राहायचे. का, तर म्हणे, "एवढंसं तर लागलंय!"

आज ह्या 'एवढंसं'बद्दलच बोलू या.

इतके का दुखते?

नखाखालच्या नाजूक भागाला आपल्या मराठीत फार सुरेख शब्द आहे, जिव्हाळी. 'जिव्हाळा' त्याचाच भाऊ. जिथे जीव असतो ती जागा. नख स्वतः निर्जीव असते, म्हणून ते कापताना काही वाटत नाही. पण ते ज्या गादीवर चिकटून बसलेले असते ती रक्तवाहिन्यांनी आणि मज्जातंतूंनी भरलेली असते. नखाचा गुलाबी दिसतो तो भाग गादीला चिकटलेला आणि पांढरा दिसतो तो सुटा. ह्या दोहोंच्या सीमेवर बोटाची त्वचा नखाला आतून घट्ट धरून असते. लोणच्याच्या बरणीला आपण दादरा बांधतो ना, तसा हा निसर्गाने बांधलेला दादराच म्हणा. पाणी, माती आणि रोगजंतू नखाखाली शिरू नयेत म्हणून त्याची योजना.

नेलकटर पांढऱ्या भागाच्या पलीकडे गेला की हा दादरा फाटतो. म्हणून टिपूसभर रक्त येऊनही कळ डोक्यापर्यंत जाते, आणि म्हणूनच ह्या जखमेला स्वच्छता व झाकण ह्या दोन गोष्टींची गरज असते. बाकीचे काम नख स्वतः करते. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. म्हणजे १ मिलिमीटर जास्त कापले गेले असेल तर दहाएक दिवसांत ते पूर्ववत होते. पायाचे नख सावकाश वाढते, त्याला दुप्पट किंवा त्याहूनही जास्त वेळ द्यावा लागतो.

लागल्याबरोबर काय करावे?

१. आधी दोन्ही हात साबणाने धुवावेत. मग लागलेल्या बोटावर स्वच्छ पाण्याची धार धरावी. ज्या घरी नळाला रोज पाणी येत नाही तिथे दुसऱ्या कुणाला तांब्याने धार धरायला सांगावे. पातेल्यातल्या पाण्यात बोट बुचकळू नये. वाहत्या पाण्याबरोबर घाण निघून जाते, साठलेल्या पाण्यात ती तिथेच राहते.

२. स्वच्छ सुती रुमाल किंवा गॉज जखमेवर ठेवून बोट घट्ट दाबून धरावे, तेही घड्याळ लावून पाच ते दहा मिनिटे. मध्येच "थांबलं का बघू" म्हणून उघडून पाहू नये. धरू लागलेली गुठळी त्याने सुटते आणि रक्त पुन्हा वाहू लागते. हात छातीपेक्षा उंच ठेवला तर रक्त लवकर थांबते. नुसता कापूस ठेवू नये, त्याचे धागे जखमेत अडकतात.

३. रक्त थांबले की उजेडात नीट पाहावे. नखाचा टोकदार कोपरा लोंबत असेल तर तो ओढून काढू नये, स्वच्छ कात्रीने सरळ कापावा. नख गादीवरून उचकटले असेल तर ते काम आपले नव्हे, डॉक्टरांचे.

४. बोट टिपून कोरडे करावे आणि त्यावर व्हॅसलीनसारख्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. जखम किंचित ओलसर राहिली तर लवकर भरते आणि पट्टी चिकटून बसत नाही. बोटे घालून वापरलेली जुनी डबी मात्र नको, नवी किंवा नळीतली घ्यावी.

५. वर चिकटपट्टी लावावी. ती बोटाभोवती इतकी घट्ट नको की टोक निळे पडेल. रोज एकदा, आणि भिजली तर लगेच, ती बदलावी.

६. ठसठस वाटली तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे धरावा. फारच दुखत असेल तर पॅरासिटामॉलची गोळी पाकिटावर लिहिल्याप्रमाणे घ्यावी.

ह्या चिकटपट्टीची जन्मकथा ठाऊक आहे का? १९२० साली अमेरिकेतील जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीत अर्ल डिक्सन नावाचे गृहस्थ नोकरीला होते. त्यांची पत्नी जोसेफाइन हिला स्वयंपाक करताना बोटाला कापण्या-भाजण्याचे प्रसंग वारंवार येत. नवरा घरी नसताना तिला एका हाताने स्वतःच्या बोटावर पट्टी लावता यावी, म्हणून डिक्सननी चिकट फितीवर मधोमध गॉजचे तुकडे ठेवून ती तयार केली. पुढे तीच बँड-एड म्हणून जगभर गेली. म्हणजे बघा, ही वस्तू निघालीच मुळी एका गृहिणीच्या बोटांसाठी. आणि आपण मात्र ती मुलांच्या गुडघ्यांसाठी जपून ठेवतो!

हळद लावायची की नाही?

हा प्रश्न येणारच. हळदीचा अपमान करायचा नाही, पण विचार करून बोलू या. जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले होते. तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर हे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. त्या परिषदेने जुने ग्रंथ आणि लेख पुरावा म्हणून मांडले, हे ज्ञान आमच्याकडे फार पूर्वीपासून आहे असे दाखवून दिले, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. तेव्हा हळदीच्या गुणाबद्दल आपला वाद नाही.

वाद आहे तो आपल्या मिसळणाच्या डब्यातल्या हळदीबद्दल. त्या डब्यात दिवसातून चार वेळा ओला चमचा जातो, फोडणीची वाफ जाते, कधी बोटही जाते. बाजारातल्या सुट्या पुडीत रंगाची भेसळ असू शकते. शिवाय हळदीने बोट पिवळे झाले की खालची लाली दिसत नाही, आणि जखम चिघळते आहे हे कळायला उशीर होतो. म्हणून भाजीत हळद घाला, दुधात घाला, पण नखाखालच्या उघड्या जखमेत कोरडी पूड दाबून भरू नका.

चुना, तंबाखू, कॉफीची पूड, टूथपेस्ट हे तर अजिबात नकोच. हाताला लावायचे सॅनिटायझर जखमेत ओतू नये. त्याने आग होते आणि नव्याने येणाऱ्या नाजूक त्वचेला इजा पोचते. डेटॉलही तसेच्या तसे कधी लावू नये, वापरायचेच तर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पाणी घालून. साबण आणि पाणी एवढे पुरेसे आहे.

नखुरडे आणि लिंबू

दुर्लक्ष झाले तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी नखाच्या कडेला लाली येते, बोट गरम लागते आणि रात्री ठसठसून झोप येत नाही. हेच नखुरडे. आपल्याकडे घरोघरी त्यावर एकच उपाय, लिंबाला भोक पाडून त्यात बोट खुपसून बसायचे. थंड वाटते, म्हणून बरे वाटते. पण लिंबाचा आम्लरस उघड्या जखमेला झोंबतो, आणि आत झालेला पू काही लिंबाने बाहेर येत नाही.

नुसती लाली असेल तर सोसेल इतक्या कोमट पाण्यात बोट दहा-पंधरा मिनिटे बुडवावे. दिवसातून तीन-चार वेळा असे करावे आणि प्रत्येक वेळी बोट कोरडे करून झाकावे. चिमूटभर मीठ घातले तरी चालेल, न घातले तरी चालेल. पू दिसू लागला तर सुईने टोचू नये, दाबू नये, डॉक्टरांकडे जावे. त्यांना तो दोन मिनिटांत काढता येतो.

आणखी एक गोष्ट आपण लक्षात घेत नाही. पू झालेल्या बोटात जे जंतू असतात त्यांतले काही अन्नात वाढून विष तयार करतात. ते विष अन्न पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. त्या बोटाने मळलेले पीठ, कालवलेली कोशिंबीर सगळ्या घराला उलट्या-जुलाब देऊ शकते. तेव्हा बोट दुखत असताना स्वयंपाकातून रजा घेणे हा आळस नव्हे, घराचे रक्षण आहे. भाकरी थापणे, कणीक मळणे हे दोन दिवस दुसऱ्या कुणी करावे. आणि कुणीच नसेल तर पट्टीवर हातमोजा घालूनच करावे.

सोलापूरच्या मातीतली एक आठवण

डॉ. द्वारकानाथ कोटणीस आम्हां सोलापूरकरांचे. १९१० साली त्यांचा जन्म इथलाच. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचे पथक चीनला गेले, त्यात ते होते. तिथे पुढे ज्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, त्याला नाव होते डॉ. नॉर्मन बेथ्यून ह्यांचे. कॅनडाचे हे शल्यचिकित्सक चिनी सैनिकांवर उपचार करीत होते. १९३९ च्या ऑक्टोबरअखेर शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला कापले. हातात रबरी मोजे नव्हते. बोट सुजले, तरी जखमी सैनिक येतच होते आणि बेथ्यून त्याच हाताने शस्त्रक्रिया करीत राहिले. विष रक्तात भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते गेले. पेनिसिलिन तेव्हा रुग्णांपर्यंत पोचलेलेच नव्हते.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. त्यांचे हात दिवसरात्र चिघळलेल्या जखमांत होते, आपले तसे नाही. आज औषधेही आहेत. पण कापलेल्या बोटाने काम चालूच ठेवायचे आणि सूज आली तरी थांबायचे नाही, हा स्वभाव आपल्या ओळखीचा आहे की नाही? जिथे रणांगण होते तिथे थांबणे शक्य नव्हते. आपल्या ओट्यावर मात्र थांबता येते.

वर्गातली नखे

मी अर्धवेळ शिकवते, त्यामुळे सोमवारची नखतपासणी मला ठाऊक आहे. रविवारी विसरलेल्या मुली रांगेत उभ्या राहिल्या की दातांनी नखे कुरतडतात. मागे एका मुलीने हात पुढे केला आणि पटकन मागे घेतला. बोलणी बसू नयेत म्हणून तिने आदल्या रात्री नखे पार आतपर्यंत कापली होती आणि दोन बोटे सुजली होती. आमच्या सोलापुरात हजारो घरांत बायका विड्या वळतात. तिची आईही वळते. ती म्हणाली, "बाई, आईला टोकं दुमडायला मदत करते ना, तंबाखू लागली की लई झोंबतं." पट्टी का नाही लावली, असे विचारले तर उत्तर तयारच होते. "एवढंसं तर आहे. आई तर तसंच करते."

विडीची मजुरी हजारावर मिळते. हात थांबला की पैसा थांबतो. त्या माउलीला "दोन दिवस काम करू नका" असे सांगणे मला सोपे आहे, तिला ऐकणे सोपे नाही. पण पट्टी आणि त्यावर औषधाच्या दुकानात मिळणारी बोटावर चढवायची रबरी टोपी, एवढे तरी तिला जमण्यासारखे आहे. तंबाखूतील निकोटीन धडधाकट त्वचेतूनही शरीरात जाते, मग फाटलेल्या त्वचेतून किती सहज जात असेल! म्हणून आता मी मुलींना 'नखे बारीक कापून या' असे म्हणत नाही, 'नखे स्वच्छ ठेवून या' असे म्हणते. शिक्षिका मैत्रिणींनो, तुम्हीही तसेच सांगा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पंधरा-वीस मिनिटे दाबूनही रक्त थांबत नसेल, लाली पसरत असेल, पू दिसत असेल, बोटावरून हाताकडे तांबडी रेघ चढत असेल, ताप आला असेल, तर वाट पाहू नये. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधीच सावध राहावे. धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन घेऊन दहा वर्षे झाली असतील, किंवा जखमेत माती-शेण गेले असेल आणि पाच वर्षे उलटली असतील, तर ते घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे.

मधुमेह असलेल्यांच्या पायाची गोष्ट अगदी वेगळी. सासूबाईंच्या किंवा आईच्या पायाचे नख जास्त कापले गेले आणि त्या म्हणाल्या, "मला काही दुखत नाही गं," तर निर्धास्त होऊ नका. न दुखणे हीच तिथे धोक्याची खूण असते, कारण पायाची संवेदना कमी झालेली असते. अशा पायाला गरम पाण्याचा शेक घरी देऊ नये, भाजले तरी त्यांना कळत नाही. जखम झाकून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी आणि रोज रात्री दोन्ही पाय, बोटांच्या बेचक्यांसह, उजेडात पाहावेत.

तान्ह्या बाळाचे नख लागले तर स्वच्छ ओल्या फडक्याने दाबून धरावे, बाळाचे रक्त लवकर थांबते. पट्टी मात्र लावू नये. बाळ बोट तोंडात घालते आणि पट्टी सुटून घशात अडकू शकते. काही आया बाळाची नखे आपल्या दातांनी कुरतडतात, तेही टाळावे. तोंडातले जंतू थेट त्या कोवळ्या बोटात जातात.

पुन्हा लागू नये म्हणून

रात्री नखे कापू नयेत असे आजी म्हणायची. कंदिलाच्या उजेडात नराणीने नखे काढायची म्हणजे बोट कापण्याची भीती होतीच, तेव्हा त्या सांगण्यात शहाणपण होते. आज दिवे आहेत, तरी घाई तीच आहे. आंघोळीनंतर नखे मऊ असताना, भरपूर उजेडात, चाळिशी लागली असेल तर चष्मा लावून नखे कापावीत. पांढरी कड एक-दोन मिलिमीटर राहू द्यावी आणि टोके कानशीने गोल करावीत. पायाची नखे सरळच कापावीत. कोपरे खोल कापले की नख मांसात घुसते. बाळाची नखे ते झोपलेले असताना, बोटाचा मऊ भाग मागे दाबून कापावीत. प्रत्येकाचा नेलकटर वेगळा असावा. ते जमत नसेल तर वापरल्यावर तो साबणाने धुवून कोरडा करावा.

आणि आज एवढे कराच. जिथे नेलकटर असतो त्याच डबीत चार चिकटपट्ट्या, गॉजचे एक पाकीट आणि व्हॅसलीनची लहान नळी ठेवून द्या. डबी कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना दाखवा. भांडी घासायचे रबरी हातमोजे दोन जोड आणा, एक तुमच्या मापाचा आणि एक मोठा. तुमचे बोट बरे होईपर्यंत तो मोठा जोड कुणाच्या हाताला बसतो, हे घरातल्या मंडळींनाच ठरवू द्या!